इलेक्ट्रॉनिक सिगारेट : रचना, कार्य आणि वैद्याची भूमिका

केंद्र शासनाने १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश काढून इलेक्ट्रॉनिक सिगारेटवर बंदी घातली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये तिला कायद्याचे स्वरूप प्राप्त झाले. परंतु बंदी आली म्हणून वस्तू नाहीशी होत नाही. पालघर व बोईसर-तारापूर परिसरात आमच्याकडे येणाऱ्या तरुण रुग्णांकडून दोन प्रश्न आजही विचारले जातात. पहिला, ‘यात धूर नसतो, मग अपाय कसा?’ आणि दुसरा, ‘हर्बल असेल तर काय हरकत आहे? आयुर्वेदातही धूमपान सांगितलेच आहे ना?’ दुसरा प्रश्न थेट आपल्या शास्त्राला साक्षीला बोलावतो. त्याचे उत्तर अधिकाराने द्यावयाचे असेल, तर हे उपकरण कसे चालते हे आधी नीट समजून घेतले पाहिजे.

उपकरणाची रचना

धूररहित सिगारेटची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील हर्बर्ट गिल्बर्ट यांनी १९६३ साली अशा उपकरणासाठी पेटंटचा अर्ज केला होता व १९६५ साली त्यांना ते मिळाले. मात्र त्याचे उत्पादन बाजारात रुजले नाही. आजच्या उपकरणाचे जनकत्व चीनमधील होन लिक यांच्याकडे जाते. व्यवसायाने औषधनिर्माते असलेल्या लिक यांनी २००३ साली ते विकसित केले.

उपकरणाचे मुख्य भाग चार : लिथियम-आयन बॅटरी, हवेचा ओघ ओळखणारा संवेदक, तारेचे वेटोळे व त्यातून जाणारी कापसाची वात, आणि द्रवाची कुपी. डास पळवणारे द्रव औषधाचे विजेवरील यंत्र आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यातही कुपी, वात आणि तापणारा भाग असतो. तत्त्व बरेचसे तेच आहे. वापरणाऱ्याने तोंडाने ओढ घेताच संवेदक बॅटरीचा प्रवाह सुरू करतो, तार क्षणार्धात तापते आणि वातीत भिजलेल्या द्रवाची वाफ होते. पेटत्या सिगारेटचे टोक ओढ घेताना सुमारे ९०० अंश सेल्सियसपर्यंत तापते. येथे तापमान सामान्यतः २०० ते २५० अंशांच्या आसपास राहते. ज्वलन होत नसल्याने राख नाही, डांबर नाही आणि कार्बन मोनॉक्साइडही जवळजवळ नाही. ‘धूर नाही’ या दाव्यात एवढे सत्य निश्चित आहे.

बाष्प नव्हे, तुषार

परंतु जे बाहेर येते ते निव्वळ बाष्पही नव्हे. तारेवर झालेली वाफ ओढीबरोबर येणाऱ्या हवेने लगेच थंड होते आणि तिचे अतिसूक्ष्म थेंब बनतात. यातील बहुतेक थेंब एका मायक्रॉनहूनही लहान असल्याने ते कंठात न अडकता फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. द्रवात मुख्यतः प्रोपिलीन ग्लायकॉल व ग्लिसरीन असते आणि त्यात निकोटिन व सुगंधी द्रव्ये मिसळलेली असतात. वात कोरडी पडली किंवा तार अधिक तापली, तर याच दोन द्रव्यांपासून फॉर्माल्डिहाइड व ॲक्रोलिन यांसारखी दाहक द्रव्ये तयार होतात. तारेतील निकेल व क्रोमियम यांचे अंशही तुषारात आढळले आहेत.

निकोटिनची योजना विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. मुक्त निकोटिन क्षारीय असल्याने अधिक मात्रेत घशाला झोंबते व माणूस आपोआप थांबतो. त्यात बेंझोइक आम्ल मिसळून त्याचे लवण केले की झोंबणे कमी होते आणि तीव्र मात्राही सुखाने ओढता येते. युरोपीय संघाने द्रवातील निकोटिनची मर्यादा दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅम ठेवली आहे. अन्यत्र ५० मिलिग्रॅम व त्याहून तीव्र द्रवही विकले गेले आहेत. शिवाय सिगारेट जळून संपते, तेव्हा एक ‘मात्रा’ पूर्ण होते. या उपकरणाला असा शेवट नाही. शरीराची व वस्तूची, अशा दोन्ही मर्यादा येथे काढून टाकल्या आहेत.

मार्ग बदलला की परिणाम बदलतो

‘ग्लिसरीन तर औषधातही असते’ हा युक्तिवाद आमच्या भागात हमखास ऐकू येतो. औषधनिर्मितीच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना ही नावे परिचयाची असतात. याचे उत्तर २०१९ साली अमेरिकेत घडलेल्या घटनेत आहे. तेथे वेप ओढणाऱ्यांमध्ये तीव्र फुप्फुसविकाराची साथ उद्भवली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली व ६८ मृत्यू निश्चित झाले. यांतील बहुतेकांनी गांजातील मादक घटक असलेला द्रव ओढला होता आणि त्यात पातळ करण्यासाठी मिसळलेले व्हिटॅमिन ई ॲसिटेट हे प्रमुख कारण ठरले. हेच द्रव्य गोळीतून पोटात घेतले किंवा त्वचेला लावले, तर सहसा अपाय करीत नाही. द्रव्य तेच, मार्ग बदलला. द्रव्याचा विचार मात्रा, काल, संस्कार व मार्ग यांसह करणाऱ्या वैद्याला हे वेगळे सांगावयास नको.

शास्त्रोक्त धूमपानाशी तुलना

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात प्रायोगिक, स्नैहिक व वैरेचनिक असे धूमपान वर्णिले आहे. त्यातील बंधने पाहा. काल आठ सांगितले आहेत : स्नान, भोजन, वमन, शिंक, दंतधावन, नस्य, अंजन व निद्रा यांनंतर. त्यांतही प्रायोगिक धूम दिवसातून दोन वेळा, स्नैहिक एकदा व वैरेचनिक तीन-चार वेळा, याहून अधिक नाही. नेत्राची लांबी रुग्णाच्या स्वतःच्या अंगुलांनी अनुक्रमे छत्तीस, बत्तीस व चोवीस. लांबून व पेरांतून अडखळत आलेला धूम सौम्य होतो व इंद्रियांना बाधत नाही, असे कारणही दिले आहे. अकाली व अतिमात्र धूमाने बाधिर्य, अंधत्व, रक्तपित्त व शिरोभ्रम संभवतात, असा इशाराही तेथेच आहे. अष्टांगहृदयात तर अठरा वर्षांखालील व्यक्तीस धूमपान निषिद्ध मानले आहे.

आता या निकषांवर उपकरण ठेवून पाहावे. नेत्र काही अंगुलांचे, काल कोणताही, मात्रा अगणित, अधिकारी-अनधिकारी असा विचार नाही आणि फळांच्या सुगंधांचा रोख मुख्यतः कोवळ्या वयाकडे. म्हणजे आचार्यांनी घातलेले प्रत्येक बंधन येथे मोडले आहे. तुळस वा ज्येष्ठमधाचा अर्क कुपीत घातल्याने हा विधी धूमपान ठरत नाही.

आपल्या भागापुरता विचार

सिगारेट सोडण्याचे साधन म्हणून इंग्लंडमधील आरोग्ययंत्रणेने या उपकरणाला स्थान दिले आहे, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. जळत्या सिगारेटपेक्षा अपाय कमी, हा त्यामागील विचार आहे. परंतु २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर धूररहित तंबाखू सेवन करणारे २४.४ टक्के होते. आपल्याकडील मुख्य व्यसन मशेरी, तंबाखू-चुना व गुटखा यांचे आहे. ज्याने सिगारेट कधी ओढलीच नाही, अशा तरुणाच्या हाती हे उपकरण आले, तर ते व्यसनमुक्तीचे साधन न राहता नव्या व्यसनाचे दार ठरते.

दुसरे असे की, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुणांसह देशात सर्वांत वरच्या क्रमांकावर होते. येथील कामगाराचे प्राणवह स्रोतस आधीच भार वाहत असते; त्यावर रोज शेकडो ओढींचा तुषार घालणे योग्य नव्हे.

म्हणून कास-श्वासाच्या रुग्णाला केवळ ‘धूम्रपान करता का?’ असे विचारून थांबू नये. खिशात विडी-काडेपेटी नसलेला तरुण ‘नाही’ म्हणतो व त्याच्या समजुतीप्रमाणे ते खरेच असते. ‘वेप, पेन किंवा हुक्का ओढता का, दिवसातून किती वेळा, कुपी किती दिवस पुरते?’ असे स्पष्ट विचारावे. रुग्ण अचानक दम, ताप व छातीत दुखणे घेऊन आला, तर वाट न पाहता त्याला रुग्णालयात पाठवावे. कुपीतील द्रव लहान मुलाच्या पोटात गेल्यास तो विषप्रसंगच समजावा. व्यसन सोडू इच्छिणाऱ्यास १८००-११-२३५६ ही शासनाची निःशुल्क दूरध्वनी सेवा अवश्य सांगावी.

औषधविक्रेत्यांसाठी

कायद्यातील व्याख्या व्यापक आहे. निकोटिन असो वा नसो, सुगंध असो वा नसो, पदार्थ तापवून ओढण्याजोगा तुषार करणारे प्रत्येक विद्युत उपकरण, तसेच ई-हुक्काही, तिच्यात येतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना असलेले उत्पादन तेवढे वगळले आहे. त्यामुळे ‘निकोटिनमुक्त’ किंवा ‘हर्बल’ असे वेष्टनावर छापल्याने संरक्षण मिळत नाही. विक्री, वाटप, वाहतूक वा जाहिरात केल्यास पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व पाच लाखांपर्यंत दंड आहे. आपल्या जागेत साठा ठेवू देणाऱ्यासही सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. कोणी प्रतिनिधी ‘आयुर्वेदिक वेप’ म्हणून माल ठेवण्याचा आग्रह करू लागला, तर प्रथम परवाना क्रमांक मागावा आणि तो नसेल तर माल दुकानात उतरवूच देऊ नये.

आयुर्वेदाच्या नावाला समाजात विश्वास आहे, म्हणूनच ते नाव अशा कुप्यांवर चिकटवण्याचा मोह व्यापाऱ्यांना होतो. हा विश्वास पिढ्यानुपिढ्यांच्या वैद्यांनी कमावला आहे. तो राखण्याचे काम आपल्या चिकित्सालयात आणि आपल्या दुकानाच्या फळीवर, आपल्यालाच करावयाचे आहे.