नृत्यरचना शिकायची म्हणजे नेमकं काय शिकायचं?

आज आपण समकालीन नृत्य आणि नृत्यरचना यांच्या विद्यापीठीय शिक्षणाबद्दल बोलणार आहोत. छत्रपती संभाजीनगरात हा विषय निघाला की पालक पहिला प्रश्न करतात, ‘याची पदवी घेऊन पुढे काय?’ प्रश्न रास्त आहे, त्याच्याकडे आपण शेवटी येऊच. पण त्याच्या आधीचा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. तीन-चार वर्षं विद्यार्थी शिकतो तरी काय?

टीव्हीवरच्या स्पर्धांत ‘कंटेम्पररी’ नावाखाली उड्या, गिरक्या, जमिनीवरचं लोळणं दिसतं. त्यामुळे ही एक शैली आहे असं वाटतं. शैलीला ठरलेला साठा असतो. कथकला ततकार आणि चक्कर, ओडिसीला चौक आणि त्रिभंग. समकालीन नृत्यातही तंत्रं आहेत. मार्था ग्रॅहम यांचं तंत्र जगभर शिकवलं जातं. पण ते साधन झालं. मुळात प्रश्न असा असतो की, मला जे म्हणायचंय त्यासाठी कोणती हालचाल लागेल? ती शोधणं, निवडणं, जुळवणं आणि नको ते टाकून देणं, याला आपण नृत्यरचना म्हणतो.

एक साधी हालचाल घेऊ. डोक्यावरचा हंडा खाली उतरवणं. रुडॉल्फ लाबान यांनी हालचालीकडे चार अंगांनी बघायला शिकवलं: अवकाश, वजन, काळ आणि ओघ. आता हीच कृती चार मात्रांत करा, मग सोळा मात्रांत करा. पहिल्यात रोजची सवय दिसेल, दुसऱ्यात थकवा. प्रेक्षकांकडे पाठ करून करा. पाच जणींनी एकदम करा, मग चौघी थांबल्या आणि एकटीच करत राहिली असं करा. हालचाल तीच, अर्थ मात्र दर वेळी वेगळा. वर्गात यावर चर्चा होते, विद्यार्थी वहीत टिपणं ठेवतो, आणि ‘असंच का केलंस?’ याचं उत्तर त्याला द्यावं लागतं. क्लासमध्ये गुरूंनी दिलेलं आत्मसात करायचं असतं, आणि तो पाया हवाच. विद्यापीठात त्यावर रचणं, कारण सांगणं आणि लिहिणं यांची भर पडते.

नृत्य हा विद्यापीठाचा विषय कसा झाला? अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात 1926 मध्ये मार्गारेट एच’डब्लर यांनी नृत्याचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. त्या मूळच्या जीवशास्त्राच्या. वर्गात हाडांचा सांगाडा ठेवून शिकवायच्या. आपल्याकडे पुणे विद्यापीठात 1987 मध्ये ललित कला केंद्र सुरू झालं. संभाजीनगरात एमजीएमच्या परिसरात महागामी गुरुकुल आहे. तिथे पार्वती दत्ता यांच्या मार्गदर्शनाखाली कथक आणि ओडिसी शिकवलं जातं.

‘पण ते तर शास्त्रीय, समकालीन कुठे?’ असं कोणी म्हणेल. भारतातल्या मोठ्या रचनाकारांची वाट पाहा. कुमुदिनी लाखिया कथकच्या. 1971 च्या ‘दुविधा’मध्ये त्यांनी राधा-कृष्ण बाजूला ठेवून मध्यमवर्गीय बाईची ओढाताण कथकमधून मांडली. चंद्रलेखा यांचा जन्म महाराष्ट्रातल्या वाड्याचा, शिक्षण भरतनाट्यमचं. 1985 च्या ‘अंगिका’त त्यांनी योग आणि कलरीपयट्टू आणलं. अस्ताद देबू यांनीही सुरुवात कथकनेच केली. म्हणजे एका शैलीत शरीर नीट घडलं की त्या शैलीलाच प्रश्न विचारता येतात.

आणि हे प्रश्न आपल्या मातीला परके नाहीत. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारात शार्ङ्गदेवांनी ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्याचा सातवा अध्याय नृत्याचा. त्यात परंपरेनं आलेल्या ‘मार्गा’बरोबर त्या काळी लोकांत चालू असलेल्या ‘देशी’ नृत्यालाही जागा आहे. म्हणजे आपल्या काळात लोक कसे नाचतात, हा तेव्हाही अभ्यासाचाच विषय होता. गंमत म्हणजे शार्ङ्गदेव नोकरीनं राजाच्या हिशेबखात्यातले अधिकारी!

विद्यापीठामागच्या डोंगरात औरंगाबाद लेणी आहेत. सातव्या लेण्यात मध्ये नर्तकी आणि तिच्याभोवती वाद्यं घेतलेल्या स्त्रिया कोरल्या आहेत. शिल्पात एकच क्षण थांबलेला आहे. त्याच्या आधीचा क्षण कोणता, नंतरचा कोणता? एवढ्यावर एक सत्र सहज होईल. मात्र गोंधळ, वाघ्या-मुरळी किंवा बंजारा समाजाची नृत्यं वापरताना जपून. तिथे कलावंत हयात आहेत. त्यांच्याकडून शिकायचं, त्यांचं नाव घ्यायचं, त्यांना मोबदला द्यायचा. नृत्यरचनेच्या शिक्षणात हेही यायला हवं.

आता पालकांचा प्रश्न. नोकरीची हमी ही पदवी देत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. महाविद्यालयात शिकवायचं तर पदव्युत्तर पदवीबरोबर नेट किंवा सेट लागते, आणि नेटच्या यादीत नृत्य-नाट्य हा विषय आहे. शाळा, नाटकातलं हालचालींचं दिग्दर्शन, चित्रपट, स्वतःचा वर्ग ही कामं आहेत. बहुतेकांना दोन-तीन एकत्र करावी लागतात. म्हणून प्रवेशाआधी चार गोष्टी विचारा. पदवीला यूजीसीची मान्यता आहे का? अभ्यासक्रमात नृत्यरचनेचा स्वतंत्र पेपर आहे का, की फक्त ठरलेल्या रचना बसवून घेतात? वर्षाअखेर विद्यार्थ्याची स्वतःची रचना मंचावर येते का? आणि सरावाच्या खोलीत लाकडी जमीन आहे का? रोज काँक्रीटवर नाचून गुडघे गेले तर पदवी घेऊन काय करणार?

या चारही प्रश्नांची नीट उत्तरं मिळाली, तर मुलीला किंवा मुलाला खुशाल पाठवा. आता तुमचे प्रश्न घेऊया.