सफरचंदाच्या पोटात संत्रे

लालबुंद सफरचंद आडवे चिरलेले आहे. साल तीच, सालीवरच्या फिकट रेषा त्याच, कडेला ओघळलेला पाण्याचा थेंबही तसाच. आत मात्र पांढऱ्या गराच्या जागी संत्र्याच्या केशरी फोडी चक्राकार बसलेल्या. असे छायाचित्र कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर सकाळी येऊन पडले की दुपारपर्यंत आत्याबाई भाव विचारतात, काका ‘हे परदेशी कलम असावे’ असा निर्वाळा देतात आणि बाजारपेठेतले मामा घाऊक दराची चौकशी करू लागतात. हे कलम कोणत्याही बागेत झालेले नसून शाळकरी नातवाच्या संगणकावर झालेले आहे, हे संध्याकाळी उघड होते. मग सर्वांत मोठ्याने हसतात ते बहुधा आजोबाच, कारण त्यांनी काहीच विचारलेले नसते!

खाद्यपदार्थांवरून थट्टा करण्याची रीत संगणकाहून जुनी आहे. १ एप्रिल १९५७ रोजी बीबीसीच्या ‘पॅनोरामा’ या गंभीर वृत्तकार्यक्रमात स्वित्झर्लंडमधील एक कुटुंब झाडांवरून स्पॅगेटीच्या शेवया तोडून उन्हात वाळवताना दाखवले गेले. निवेदन रिचर्ड डिंबलबी यांच्यासारख्या भारदस्त निवेदकाचे. त्या काळी ब्रिटनमध्ये हा पदार्थ फारसा परिचित नसल्याने अनेकांनी ते खरे मानले. असे झाड लावावे कसे, हे विचारणारे दूरध्वनीही आले. पुढे १९९८ मध्ये बर्गर किंग या अमेरिकन कंपनीने एप्रिल फूलच्या दिवशी वृत्तपत्रात पानभर जाहिरात देऊन खास डावखुऱ्यांसाठी बर्गर काढल्याचे घोषित केले. घटक नेहमीचेच, फक्त त्यांची मांडणी १८० अंशांनी फिरवलेली. गोल वस्तू फिरवल्याने काय फरक पडणार, हा प्रश्न मनात न आलेले हजारो ग्राहक दुकानांत तो मागू लागले.

त्या थट्टांना चित्रीकरणाचा चमू किंवा वृत्तपत्राचे अख्खे पान लागले. आज ते काम घरातल्या टेबलावर होते, याचे बरेचसे श्रेय थॉमस आणि जॉन नोल या दोन अमेरिकन भावांकडे जाते. मिशिगन विद्यापीठात शिकत असताना थॉमसने १९८७ मध्ये पडद्यावर करड्या छटांची चित्रे दाखवणारी एक छोटी आज्ञावली लिहिली. जॉन चित्रपटांच्या दृश्यचमत्कारांचे काम करीत असे. त्याने तिचे मोल ओळखले. १९९० मध्ये ती ‘फोटोशॉप’ या नावाने ॲडोबी कंपनीतर्फे बाजारात आली. फोटोशॉपला पैसे मोजावे लागतात. ‘जिंप’ हे सॉफ्टवेअर मात्र विनामूल्य मिळते आणि घरगुती गमतीला ते पुरेसे आहे.

सफरचंदात संत्रे बसवण्याची खरी कसोटी संगणकापूर्वीच, खिडकीपाशी लागते. दोन्ही फळे एकाच वेळी, एकाच खिडकीच्या उजेडात, सारख्याच उंचीवरून टिपावीत. सफरचंदावर प्रकाश डावीकडून आणि संत्र्यावर उजवीकडून पडला, तर पुढची सारी कारागिरी वाया जाते; पाहणाऱ्याला नेमके काय खटकले हे सांगता येत नाही, पण खटकते. दोन्ही फळे आडवीच चिरावीत, म्हणजे काप गोल येतो आणि एकावर एक बसतो.

त्यानंतर संत्र्याचा काप कडेकडेने निवडून सफरचंदाच्या छायाचित्रावर वेगळ्या ‘लेअर’वर, म्हणजे पारदर्शक कागदासारख्या थरावर ठेवायचा. त्याचा आकार कमीजास्त करून तो गराच्या वर्तुळाशी जुळवायचा. जे नको ते खोडून न टाकता ‘मास्क’ने झाकावे, चुकले तर पुन्हा उघडता येते. घाईत असलेला नवशिका संत्रे थेट सालीला भिडवतो आणि तिथेच फसतो. साल आणि फोडी यांच्यामध्ये सफरचंदाच्या गराची बारीक पांढरी कड राहू दिली, तर डोळा निमूटपणे विश्वास ठेवतो. कडा किंचित मऊ कराव्यात, सालीच्या आतल्या बाजूस पुसट सावली द्यावी. एक छायाचित्र स्वच्छ आणि दुसरे दाणेदार असेल, तर दोन्हींचा दाणा सारखा करावा. एवढ्याला पहिल्या खेपेस दोन तास सहज जातात, आणि सुट्टीतल्या मुलांनी ते जरूर घालवावेत. प्रकाश, सावली आणि प्रमाण यांचे जे शिक्षण यात मिळते, ते चित्रकलेच्या तासाहून कमी नाही.

मात्र थट्टेचे चित्र कोणाच्या ताटावर बेतते, याचा विचार व्हायलाच हवा. पर्युषणात कुणाच्या ताटातील कच्च्या केळ्याच्या भाजीवर संगणकाने कांदा पसरून ते चित्र गटावर टाकणे विनोदी नाही. खुलासा होईपर्यंतचा अर्धा तास त्या व्यक्तीला फार लांब वाटतो. मिठाईच्या पेढ्यावर माशी चिकटवलेले चित्र तर त्याहून घातक. ते चार गटांत फिरून झाल्यावर ‘गंमत होती’ हा खुलासा त्याच चार गटांत पोचत नाही, आणि तीन पिढ्यांच्या दुकानाचे नाव त्या माशीसोबत फिरत राहते. वेष्टनावरील हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका बदलण्याचा खेळ तर कोणीच खेळू नये. ज्या घरात खरेदीपूर्वी तो ठिपका पाहिला जातो, त्या घरातल्या माणसांना याचे कारण सांगावे लागत नाही.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्यव्रताच्या भावना सांगताना क्रोध, लोभ आणि भय यांच्या पंक्तीला हास्याचाही त्याग सांगितला आहे. माणूस रागाने, लोभाने किंवा भीतीने खोटे बोलतो हे सर्वांना ठाऊक असते. तो हसता हसताही खोटे बोलतो, हे निरीक्षण सूक्ष्म आहे. त्याच अध्यायात सत्याणुव्रताच्या अतिचारांमध्ये ‘कूटलेखक्रिया’ येते, म्हणजे खोटा लेख तयार करणे. चोपड्या सांभाळणाऱ्या घराण्यांना त्याचा अर्थ परिचित आहे. खराब माल मिळाल्याचे बनावट छायाचित्र दाखवून ऑनलाइन विक्रेत्यांकडून पैसे परत मागण्याचे प्रकार आता घडतात; ते याच सदरात मोडतात. तिथे सॉफ्टवेअर तेच असते, हातचलाखीही तीच.

संत्र्याच्या सफरचंदाने मात्र कोणाचे काही बिघडत नाही. त्याच दिवशी, सर्वांच्या देखत खुलासा झाला की काम झाले. घरात एक जोडखेळही करता येतो. काही जातींची सफरचंदे खरोखरच आतून गुलाबी-लाल असतात. ‘पिंक पर्ल’ ही त्यांपैकीच एक. रक्तवर्णी गराची संत्रीही असतात. आडवे कापलेले कमरख आपसूक पाच टोकांची चांदणी होते. अशी तीन खरी चित्रे आणि आपण बनवलेले एक, अशी चार चित्रे वडीलधाऱ्यांपुढे ठेवावीत व बनावट कोणते ते ओळखायला सांगावे. बहुतेक जण त्या गुलाबी सफरचंदावरच बोट ठेवतील!