रात्री मिटणारी वाट

म्हैसूरहून मोटारीने उटीला निघालात की आधी बांदीपूरचे राष्ट्रीय उद्यान लागते, मोयार नदीपलीकडे मुदुमलाईचे अरण्य, आणि मग गुडलूरवरून घाट चढून नीलगिरीच्या माथ्यावरची उटी येते. पण बांदीपुरातला हा रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो. २००९ सालापासून तसा नियम आहे. रुग्णवाहिका आणि मोजक्या सरकारी बसगाड्या तेवढ्या सोडतात.

हे का बरे? चारा रस्त्याच्या एका अंगाला, तर पाणी दुसऱ्या अंगाला. जनावरे रात्री पलीकडे जाऊ लागतात. दिव्यांचा झोत डोळ्यांत गेला की हरीण जागीच थिजते, आणि भरधाव गाडी आवरेपर्यंत घात होतो.

भाजीपाला नेणाऱ्यांचा नि वायनाडच्या लोकांचा यात खोळंबा होतो. त्यांची तक्रार काही खोटी नाही. पण माणूस दिवसा निघू शकतो, हत्तीने आपली वाट कुठे हलवावी?

१९७३ साली सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ वनांत बांदीपुराबरोबर आपले मेळघाटही होते. तेव्हा चिखलदऱ्याला जाताना गाडी हळू हाका, भोंगा वाजवू नका. आणि गुरुजींनी सहलीआधी मुलांना नियमाबरोबर त्याचे कारणही सांगावे.