अल-हिंद: अरबीत आपलं नाव काय, आणि ते आलं कुठून?

दुबई-कुवेतला नोकरीला असलेल्या कुणाचे तिथले कागद बघितलेत का? राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात अरबीत लिहिलेलं असतं 'हिंदी'. म्हणजे भाषा नव्हे हं! रत्नागिरीचा कोकणी मुसलमान असो, वसईचा ख्रिश्चन असो नाहीतर कोथरूडचा जोशी, सगळे 'हिंदी', कारण देशाचं नाव 'अल-हिंद'. त्यात धर्माचा काही संबंध नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर 'हिंद' शब्दावरून जी भांडणं चालतात, त्यात हा मुद्दा कुणाला आठवत नाही.

मूळ शब्द आपलाच, सिंधू. इराणी भाषांत आपल्या 'स'चा 'ह' होतो. पटत नसेल तर ईएमआय आठवा. आपला 'हप्ता' फारसीतून आला, मूळ अर्थ सात दिवस. आणि हरिनामाचा असतो तो 'सप्ताह'. दोघे चुलतभाऊच! तसंच सिंधूचं झालं. इ.स.पू. ५००च्या आसपास इराणचा सम्राट दारयवहू याच्या शिलालेखांत सिंधूकाठचा प्रांत 'हिदुश' म्हणून येतो. पुढे ग्रीकांनी 'ह'सुद्धा गाळला आणि त्यातून 'इंडिया' झालं.

आता गंमत बघा. अरबीत 'स' व्यवस्थित आहे, तरी ते 'हिंद' म्हणतात, कारण नाव इराणी वळणाने पोचलं. पण सिंध प्रांताला मात्र ते 'सिंद'च म्हणत. एकाच नदीची दोन नावं, दोन वेगळे प्रदेश! जुने अरब लेखक 'सिंद आणि हिंद' असं जोडीनेच लिहितात. सिंद म्हणजे सिंधूच्या खालच्या अंगाचा मुलूख, त्याच्या पलीकडचं सगळं हिंद.

म्हणजे आपण हिंदमध्ये. अल-मसूदी हा बगदादचा प्रवासी इ.स. ९१६च्या सुमारास 'सैमूर'ला आला होता. सैमूर म्हणजे अलिबागजवळचं आपलं चौल. तिथे स्थायिक झालेल्या मुसलमान व्यापाऱ्यांच्या मोठ्या वस्तीबद्दल त्याने लिहून ठेवलंय. इथल्या राष्ट्रकूट राजाला अरब म्हणायचे 'बल्हारा', म्हणजे वल्लभराज!

व्यापार म्हटला की वस्तूंना नावं चिकटतात. हिंदच्या पोलादाची तलवार ती 'मुहन्नद'. चिंच म्हणजे 'तमर हिंदी', हिंदचा खजूर. इंग्रजीतला टॅमरिंड तोच. (भेळेच्या चटणीत चिंच आणि खजूर दोन्ही पडतात, म्हणजे दोन्ही खजूर एकाच वाटीत.) आपण इंग्रजी आकड्यांना 'अरेबिक' म्हणतो, आणि अरब त्यांच्या आकड्यांना 'हिंदी' म्हणतात.

एक सापळा मात्र आहे. अरबीत इंजिनिअरला 'मुहंदिस' म्हणतात. त्यात 'हिंद' ऐकू येतो, म्हणून लोक छाती फुगवतात. पण तो शब्द आला फारसी 'अंदाझा'वरून, म्हणजे माप. आपला 'अंदाज' त्याच घरातला. दर सोमवारी मॅनेजरला 'दोन दिवसांत होईल' सांगणाऱ्या माझ्यासारख्याला ही व्युत्पत्ती फारच जवळची वाटते.

आणि आपण अरबांना काय म्हणायचो? 'ताजिक'. पालघरच्या चिंचणीला सापडलेल्या इ.स. ९२६च्या ताम्रपटात राष्ट्रकूटांनी संजाणवर नेमलेला एक ताजिक अधिकारी भेटतो. नाव मुहंमद, पण संस्कृतात लिहिताना त्याचं केलंय 'मधुमती'!