दोन नाण्यांच्या जाडीचा हिशेब

खिशातली रुपयाची दोन नाणी काढा आणि एकावर एक ठेवा. झाली साधारण 3 मिलिमीटर जाडी. एवढ्याशा जाडीवरून आज आपल्याला कुठवर जायचंय ते बघा. कागद-पेन्सिल जवळ असू द्या, आकडे भराभर वाढणार आहेत!

लंडनचा ग्रेनफेल टॉवर. 24 मजले, 67 मीटर उंची, 129 घरं. 2016 मध्ये नूतनीकरण संपलं तेव्हा इमारतीला बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचं नवं आवरण चढलेलं होतं. आपल्याकडे सगळे ज्याला एसीपी शीट म्हणतात, तेच. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मिलिमीटर पत्रा आणि मधल्या 3 मिलिमीटरमध्ये, म्हणजे आपल्या दोन नाण्यांएवढ्या जागेत, पॉलिएथिलीन. साधं प्लास्टिक.

एक चौरस मीटर शीटमध्ये हे प्लास्टिक भरतं पावणेतीन किलो. क्षुल्लक वाटतं ना? पण किलोला किलो तोललं तर त्यात जवळजवळ स्वयंपाकाच्या गॅसइतकीच उष्णता दडलेली असते. आता हजार चौरस मीटर घेऊ. 20 मीटर रुंदीच्या चौकोनी टॉवरच्या चारही बाजू मोजल्या तर जेमतेम चार मजले. प्लास्टिक झालं 2,760 किलो. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस असतो 14.2 किलो. भागा! 194 सिलिंडरांची उष्णता, भिंतीला बाहेरून चिकटवलेली, फक्त चार मजल्यांवर! ही सगळी उष्णता पाण्यात ओतता आली तर चार लाख लिटर पाण्याला उकळी फुटेल. म्हणजे 8 मीटर रुंदीची, 8 मीटर पाणी असलेली अख्खी विहीर खळखळा उकळेल.

14 जून 2017. रात्री 12 वाजून 54 मिनिटांनी ग्रेनफेलमधून अग्निशमन दलाला पहिला फोन गेला. चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात, फ्रिजपाशी आग लागली होती. ती खिडकीतून बाहेरच्या आवरणाला लागली आणि सुमारे 20 मिनिटांत माथ्यावर पोहोचली. मजल्यामागे एक मिनिट! या 20 मिनिटांत सीएसएमटीहून सुटलेली धिमी लोकल जेमतेम दादरला पोहोचते. रहिवाशांना दिलेला ‘घरातच थांबा’ हा सल्ला मागे घेतला गेला 2 वाजून 47 मिनिटांनी. पहिल्या फोनपासून 1 तास 53 मिनिटं. एवढ्या वेळात डेक्कन क्वीन कर्जत मागे टाकून घाट चढायला लागते. 72 माणसं गेली. हा एक आकडा मात्र मला कशाशीही तोलायचा नाही.

आधी विचारात असलेल्या जस्ताच्या पत्र्याऐवजी ही शीट वापरल्याने वाचले 2,93,368 पौंड. पौंडाला 110 रुपये धरले तर सव्वातीन कोटींच्या आत-बाहेर. घरटी अडीच लाख! मुंबईत एवढ्या पैशात गाडी उभी करायची जागाही मिळणं कठीण.

आगीनंतर त्याच उन्हाळ्यात ब्रिटिश सरकारने तशाच शीटची भिंत उभारून चाचणी घेतली. 40 मिनिटांची चाचणी नऊ मिनिटांच्या आत थांबवावी लागली, कारण ज्वाळा भिंतीच्या वर निघाल्या होत्या. मग देशभर बाहेरच्या भिंतींची तपासणी सुरू झाली आणि 2022 मध्ये तिची ठरावीक पद्धतही आली. तपासनीस शीट उतरवतो, कोपरा कापून गाभा बघतो. आतल्या पोकळीत हात घालून आग अडवणाऱ्या पट्ट्या सलग आहेत की मध्ये फटी आहेत ते चाचपतो. बाल्कनीचं लाकूडही सोडत नाही. सगळा शोध पुन्हा त्या 3 मिलिमीटरचा आणि त्यामागच्या चार बोटं पोकळीचा.

बाहेरचं आवरण धोकादायक असलेल्या इमारती किती? नोव्हेंबर 2024 मध्ये तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने अंदाज दिला: एकट्या इंग्लंडमध्ये, 11 मीटरपेक्षा उंच अशा 9,000 ते 12,000 इमारती दुरुस्त कराव्या लागतील. मधला एक गोल आकडा 10,000 धरा, इमारत 20 मीटर रुंद धरा आणि त्या खेटून उभ्या करा. सीएसएमटीपासून पुण्यापर्यंतचा लोहमार्ग 192 किलोमीटर, आणि ही भिंत पुणे ओलांडून पुढे जाते! चारही बाजू उलगडून ठेवल्या तर 800 किलोमीटर, जवळजवळ नागपूर! त्यातल्या 60 टक्क्यांपर्यंत इमारती तेव्हा सापडल्यादेखील नव्हत्या. आणि खर्च? 1,660 कोटी पौंड. रुपयांत 1 लाख 82 हजार कोटी. आपल्या 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचा अंदाज होता सुमारे 55 हजार कोटींचा. त्या अंदाजाने तीन समृद्धी बांधून वर काही हजार कोटी उरतील, एवढी ही रक्कम भिंतींवरून चुकीचा माल उतरवण्यात जाणार!

महाराष्ट्रात 2006 च्या कायद्यानुसार दर जानेवारी आणि जुलैमध्ये सोसायटीला अग्निसुरक्षेचा फॉर्म बी द्यावा लागतो. अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा तो दाखला. तो भरला जात असेलच, पण तुमच्या इमारतीच्या एलिव्हेशनला एसीपी असेल तर पुढच्या सभेत एवढं विचारा: तिचा गाभा कशाचा आहे? बिल्डरकडे शीटचा टेस्ट रिपोर्ट मागा. तो मिळाला नाही तर एक तुकडा कापून प्रयोगशाळेत पाठवा.