सातांपैकी चार

एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या प्लेऑफमध्ये सातांपैकी चार सामने आधी जिंकणारा संघ पुढे जातो. एका सामन्यात जिंकण्याची शक्यता ६० टक्के धरली, तर मालिका जिंकण्याची ७१ टक्क्यांवर जाते. सामने वाढले की नशिबाला वाव कमी. पण तो उरतोच.

२०१६च्या अंतिम फेरीत गोल्डन स्टेट वॉरियर्स क्लीव्हलँडविरुद्ध ३-१ने पुढे होते. दोन्ही संघ तुल्यबळ मानले, तरी क्लीव्हलँडने सलग तीन सामने मारण्याची शक्यता आठात एक. त्यात पाचव्या सामन्याला वॉरियर्सचा ड्रेमंड ग्रीन निलंबित! हे आधीच कुठल्या सूत्रात बसवणार? सातव्या सामन्यात ८९-८९ बरोबरी, ५३ सेकंद शिल्लक, आणि क्लीव्हलँडच्या कायरी अर्व्हिंगने लांबून तीन गुणांची बास्केट केली. क्लीव्हलँड ९३-८९ने विजेते. गणित फसलं असं मी तरी म्हणणार नाही; त्याने आठात एक शक्यता सांगितली होती, शून्य नव्हे.