उन्हाळ्यापुरतं उघडलेलं दार

मित्रहो, मागच्या वेळी आपण जॉन ड्यूई यांच्यापाशी थांबलो होतो. लोकशाही म्हणजे नुसती राज्यपद्धती नव्हे, ती एकत्र जगण्याची रीत आहे, हा त्यांचा विचार. कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब आंबेडकर त्यांचे विद्यार्थी होते आणि १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांनी आपल्या या गुरूंचं ऋण मानलेलं आहे. आज आपण ड्यूईंच्याच विचारांवर उभ्या राहिलेल्या एका संस्थेकडे वळू. तिचं नाव ब्लॅक माउंटन कॉलेज.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, अ‍ॅशव्हिलजवळच्या डोंगरांत, १९३३ मध्ये जॉन अँड्र्यू राइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे कॉलेज काढलं. कारभार शिक्षकांच्याच हाती. शेतात राबायचं ते सगळ्यांनी मिळून, आणि पुढे तळ्याकाठी इमारत बांधायची वेळ आली तेव्हा तीही विद्यार्थी-शिक्षकांनीच बांधली. चित्रकला आणि संगीत हे इथे फावल्या वेळचे विषय नव्हते, शिक्षणाच्या मध्यावर होते. नाझींनी बाउहाउसला बंद व्हायला भाग पाडलं, त्याच वर्षी तिथले योसेफ आल्बर्स इथे आले. इंग्रजी जेमतेम. पण कागदाला घडी घालून दाखवायला भाषा लागते कुठे!

पैसा मात्र कधीच नव्हता. त्यातच युद्ध आलं, मुलं सैन्यात गेली. मग १९४४ पासून मोठ्या प्रमाणावर उन्हाळी सत्रं सुरू झाली, संगीताचं वेगळं, कलेचं वेगळं. बाहेरचे कलावंत काही आठवड्यांसाठी यायचे. या सत्रांचे किस्से पुष्कळ सांगितले जातात. १९४८ मध्ये बकमिन्स्टर फुलर यांचा पट्ट्यांचा घुमट उभाच राहिला नाही. त्याच उन्हाळ्यात जॉन केज यांनी भर व्याख्यानात बेथोव्हेनवर टीका करून जर्मन मंडळींचा रोष ओढवून घेतला. १९५२ मध्ये केज यांनीच जेवणघरात नाच, कविता, पियानो, चित्रं असं सगळं एकाच वेळी घडवून आणलं. मजेशीर आहे हे सगळं, पण आम्हांला थांबायचं आहे ते १९४४ पाशी.

ते संगीतसत्र शोनबर्ग यांच्या सत्तरीनिमित्त भरवलेलं होतं. प्रकृतीमुळे स्वतः शोनबर्ग येऊ शकले नाहीत. त्यांचे जुने शिष्य हाइनरिख यालोवेत्स कॉलेजात शिकवतच होते. त्याआधी कॉलेजात एक वाद पेटला होता: कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश द्यायचा की नाही? लक्षात घ्या, शाळांमधली वर्णभेदाची भिंत बेकायदा ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९५४ चा, म्हणजे अजून दहा वर्षं लांब. काहींना आसपासच्या लोकांची भीती होती, काहींना कॉलेज बंद पडण्याची. काही म्हणत होते, तत्त्व मान्य आहे, वेळ योग्य नाही. (हे वाक्य आपल्याकडेही पाठ आहे, नाही का?) अखेर तडजोड निघाली: नियमित वर्गात नको, उन्हाळी संगीतसत्रात चालेल. त्या फटीतून अल्मा स्टोन विल्यम्स ही पियानो वाजवणारी तरुणी आत आली.

आता हे धैर्य म्हणायचं की पळवाट? आम्ही वर्गात हा प्रश्न टाकायचो तेव्हा मुलं लगेच दोन तट पाडायची. आमचं मत विचाराल तर दोन्ही. पाहुणा म्हणून बोलावणं आणि घरचा म्हणून स्वीकारणं यांत फरक आहे, आणि तो फरक पाहुण्याला यजमानापेक्षा आधी कळतो. पण दार किलकिलं झालं ते झालंच. १९४५ मध्ये रोलंड हेस आणि कॅरल ब्राइस हे कृष्णवर्णीय गायक शिकवायला आले; पुढे नियमित वर्गांतही कृष्णवर्णीय विद्यार्थी दिसू लागले.

१९४६ मध्ये आल्बर्स यांनी चित्रकार जेकब लॉरेन्स यांना शिकवायला बोलावलं. दक्षिणेतले कृष्णवर्णीय पोटासाठी आणि मानासाठी उत्तरेकडे निघाले, त्या स्थलांतरावर याच लॉरेन्स यांनी ६० चित्रांची मालिका केली होती. ते आता उलट दिशेला, दक्षिणेकडे यायचे होते. दक्षिणेतल्या गाडीत त्यांना आणि त्यांच्या पत्नी ग्वेंडोलिन नाइट यांना वेगळ्या डब्यात बसावं लागलं असतं. तसं होऊ नये म्हणून आल्बर्स यांनी दोघांसाठी स्वतंत्र डबा ठरवला. डोंगरातल्या त्या कॉलेजात उन्हाळा चांगला गेला. अ‍ॅशव्हिल हाकेच्या अंतरावर होतं. लॉरेन्स दांपत्य त्या मुक्कामात तिथे गेलं नाही.